लग्नाला आठ महिने, मुरुम चालू आहेत आणि गालावर खड्डेही आहेत. आधी काय करावं?

निंबोणी

मामेबहिणीसाठी विचारते आहे. वय २४, वजन ५४ किलो, रंग सावळा, त्वचा तेलकट. मुरुम मुख्यतः हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला. पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन मोठ्या, आतून ठणकणाऱ्या गाठी हमखास येतात. पाळी ३५ ते ५० दिवसांनी. दोन्ही गालांवर जुने खड्डे आणि त्यांच्या आजूबाजूला तपकिरी डाग.

आतापर्यंत केलेलं: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं 'डागांचं' क्रीम पाच महिने रोज रात्री. लावलं की चेहरा उजळतो. दोन दिवस चुकलं की लाल होतो, आग होते, बारीक पुरळ उठतं. मधल्या काळात जायफळ दुधात उगाळून लावलं, लिंबाचा रसही लावून झाला. आता एका क्लिनिकने सहा लेसरचं पॅकेज सांगितलंय. पैसे आधी भरायचे आणि पहिली बैठक पुढच्याच आठवड्यात.

लग्न मेमध्ये आहे, आता सप्टेंबर चालू आहे. लेसर आत्ता करावं का? मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लग्न ठरलेल्या मुलीने घ्याव्यात का? आणि खड्डे खरंच भरतात का? घरात 'लग्न झालं की आपोआप जातात' हे उत्तर मिळालेलं आहे, ते सोडून सांगा.

उंबरठा

पॅकेजचे पैसे भरू नका. लेसर वाईट आहे असं नाही. पण ज्या चेहऱ्यावर नवे मुरुम येतच आहेत त्यावर खड्ड्यांचं काम काढणं म्हणजे छप्पर गळतंय तोवर भिंतीला रंग देणं. आज भरलेल्या खड्ड्याशेजारी पुढच्या महिन्याची गाठ नवा खड्डा पाडणार. क्रम असा: आधी ते क्रीम सोडवायचं, मग मुरुम थांबवायचे, डाग त्या काळात निम्मे आपोआप उतरतात, आणि खड्डे सगळ्यात शेवटी.

क्रीमबद्दल. लावलं की उजळणं आणि सोडलं की भडकणं ही स्टेरॉइडची खूण आहे. आपल्याकडे यासाठी सर्रास खपणाऱ्या मलमांत तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. पहिली दोन डागांवर काम करतात. तिसरं स्टेरॉइड. ते लाली दाबतं, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू वाटते. पण महिनोन्‌महिने चेहऱ्यावर राहिलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि ते स्वतःच मुरुम उठवतं. हे मुरुम सगळे एकाच आकाराचे, एकाच वयाचे दिसतात. नेहमीच्या मुरुमांसारखी काळ्या ठिपक्यांपासून गाठींपर्यंतची मिसळ नसते. 'दोन दिवसांत बारीक पुरळ' हे त्यातलंच असणार.

हे एकदम बंद करायचं की दिवसाआड, मग दोन दिवसांआड करत सोडवायचं, ते त्वचारोगतज्ज्ञ चेहरा बघून ठरवतात. कसंही सोडलं तरी काही आठवडे वाईट जाणार. नेमकं याच टप्प्यावर बहुतेक जण 'क्रीम बंद केल्याने बिघडलं' म्हणून पुन्हा लावतात, आणि चक्र चालू राहतं. या काळात चेहऱ्यावर तीनच गोष्टी: कमी फेस होणारा साधा क्लेन्झर, वास नसलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. लाली-आग फार असेल तर डॉक्टर टॅक्रोलिमस मलम देतात. त्यात स्टेरॉइड नसतं. जायफळ, लिंबू, मुलतानी माती, टूथपेस्ट, सगळं बंद. सहाणेवर उगाळलेलं जायफळ हे खरबरीत कण आणि उग्र तेल यांचं मिश्रण आहे. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठतात आणि ते मुरुमाच्या डागापेक्षा चिवट असतात.

चेहरा शांत झाला की मुरुमांचं मूळ औषध: अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्का जेल, रात्री. यात चुका औषधाच्या कमी आणि लावण्याच्या जास्त होतात, म्हणून सविस्तर लिहितो. चेहरा धुऊन टिपायचा आणि दहा-पंधरा मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओलसर त्वचेवर जळजळ वाढते. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरायचं. नाकपुडीची खाच, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडायच्या. हवं तर तिथे आधी व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. पहिले दोन आठवडे दिवसाआड. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. दिसणाऱ्या मुरुमावर टिकली लावल्यासारखं लावायचं औषध हे नव्हे. ते अजून न दिसलेला मुरुम थांबवतं, म्हणून पूर्ण भागावर लावायचं. पहिल्या महिन्यात मुरुम वाढल्यासारखे वाटतात. निकाल ८ ते १२ आठवड्यांनी बघायचा, त्याआधी नाही. १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली तर प्रमाण चुकतंय.

सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. ५ आणि १० टक्क्यांचं जास्त जाळतं, पण लाल मुरुमांवर त्या मानाने जास्त गुण देत नाही. ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा. लग्नाच्या खरेदीतल्या ब्लाउजच्या गळ्याला लागू देऊ नका. अ‍ॅडापॅलीनशी त्याचं जमतं, दोन्ही एकत्र असलेलं जेलही मिळतं. ट्रेटिनॉइनचे जुने जेल मात्र त्याच्यासोबत लावले तर निकामी होतात.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटं वापरू नका. जंतू सरावतात आणि काही महिन्यांत जेल पाणी होतं. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवंच.

आता या मुलीचा खरा मुद्दा. जबड्याची कड, पाळीच्या आधीच्या गाठी आणि लांबणारी पाळी, हे तिन्ही एकत्र असतील तर पीसीओएसची (हॉर्मोन बिघडून पाळी लांबणारा अंडाशयाचा विकार) तपासणी चेहऱ्याच्या औषधाआधी. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी हॉर्मोनच्या तपासण्यांसाठी रक्त द्यायचं: टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच. गर्भनिरोधक गोळी चालू असताना केलेल्या टेस्टोस्टेरॉनला अर्थ नाही. हॉर्मोनचा भाग निघाला तर गर्भनिरोधक गोळी किंवा पुरुषी हॉर्मोनचा परिणाम अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन, साधारण ५० ते १०० मिग्रॅ, हे पर्याय आहेत. स्पायरोनोलॅक्टोन फक्त बायकांसाठी, आणि ते चालू असताना गर्भ राहता कामा नये. गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब, अर्धशिशी आणि घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं.

शेड्यूल_एच

आधी ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. नावात 'सोन' शेवटी असेल (मोमेटासोन, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन) किंवा क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. ही मलमं चिठ्ठीवरच द्यायची आहेत; २०१८ मध्ये 'बाहेरून लावायची' म्हणून असलेली पळवाट सरकारने बंद केली. काउंटरवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणतं 'डागांची ती पांढरी-निळी ट्यूब द्या', आणि मिळते.

गोळ्यांबद्दल. मध्यम मुरुमांना बहुधा डॉक्सीसायक्लीन १०० मिग्रॅ हे अँटिबायोटिक दिलं जातं. भरलेल्या ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना दोन घोटांवर घेतली तर गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा गिळवत नाही. पोटात जळजळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, पण लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब. दूध-ताकही त्याच वेळी नको. या गोळीने ऊन जास्त बाधतं, म्हणून सनस्क्रीन. तीन महिन्यांच्या पुढे ओढायची नाही, आणि पूर्ण काळ सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड लावायचं. आठवड्यातून तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० हा प्रकारही चालतो, पण ज्या औषधाची गरज न्यूमोनिया-टायफॉइडला लागते ते पुटकुळ्यांवर महिनोन्‌महिने उधळणं मला पटत नाही.

कपाळावर आणि पाठीवर एकसारखे, खाजणारे दाणे असतील आणि डॉक्सीवर ते वाढत असतील, तर तो मुरुम नसून केसांच्या मुळाशी वाढणारी बुरशी असू शकते. तिला अँटिबायोटिक खतासारखं लागतं. तुमच्या वर्णनात खाज नाही, म्हणून एवढंच.

आयसोट्रेटिनॉइन. गाठी आणि खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर याच्याइतकं टिकाऊ काम दुसरं कुठलं औषध करत नाही. हिशेब वजनावर. पूर्ण कोर्स म्हणजे किलोमागे १२० ते १५० मिग्रॅ. ५४ किलोला १२० ने ६,४८० मिग्रॅ. रोज २० मिग्रॅ घेतली तर ३२४ दिवस, रोज ३० घेतली तर २१६ दिवस. सप्टेंबरअखेर ते एप्रिलची सुरुवात म्हणजे जेमतेम १९० दिवस. म्हणजे लग्नाआधी पूर्ण कोर्स बसत नाही, त्यात स्टेरॉइड सोडवायचे आठवडे वेगळे.

एप्रिलची सुरुवात का, तर गर्भावर याचा परिणाम भयंकर आहे. यात 'थोडंसं चालतं' असा डोस नाही. सुरू करण्याआधी गर्भचाचणी, कोर्सभर खात्रीचं गर्भनिरोधन, आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना पूर्ण होईपर्यंत गर्भ राहू द्यायचा नाही. त्या महिन्यानंतर पुढच्या बाळंतपणाला या औषधाचा धोका राहत नाही. 'तीन वर्षं मूल नको' असं जे ऐकू येतं ते अ‍ॅसिट्रेटिन नावाच्या सोरायसिसच्या औषधाबद्दल आहे. नावं जवळची असल्याने गोंधळ होतो. लग्न ठरलेल्या मुलीने घ्यावी की नाही, याचं उत्तर पहिल्या वर्षात मूल हवंय का, एवढ्यावर आहे. हा प्रश्न मुलीला आणि होणाऱ्या नवऱ्याला विचारायचा, सासूबाईंना नव्हे.

घ्यायची झाली तर भरल्या पोटी, आणि त्या जेवणात तूप-तेल-दाण्याचा कूट असावा. ही चरबीबरोबर शोषली जाणारी कॅप्सूल आहे. उपाशीपोटी घेतली तर बराचसा डोस वाया. आधी आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या चाचण्या). ओठ फुटणारच, व्हॅसलिन खिशात ठेवा. ओठ अजिबात फुटत नसतील तर कॅप्सूल जेवणाबरोबर जातेय का ते बघा. नाकातून रक्त येत असेल तर आतून थोडं व्हॅसलिन. कोर्सभर आणि नंतर महिनाभर रक्तदान नाही. जीवनसत्त्व 'अ' असलेलं टॉनिक बंद. डॉक्सीसायक्लीन सोबत चालणार नाही; दोघांनी मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढतो, डोकं आणि दृष्टी दोन्ही धोक्यात. मन खूप उदास वाटायला लागलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

आणि वॅक्सिंग नाही. कोर्सभर तर नाहीच, नंतरही काही महिने नाही. मेणाबरोबर कातडी निघते. वरच्या ओठाला दोरा चालतो, तोही अ‍ॅडापॅलीन दोन-तीन दिवस थांबवून.

निंबोणी

उंबरठा, शेड्यूल_एच, दोघांचे आभार. ट्यूब पाहिली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. अगदी सांगितलंत तेच. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, पॅकेज नाकारलं.

खड्ड्यांबद्दल कुणी सांगेल का? गालाच्या वरच्या भागात सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत, आणि खाली जबड्याकडे गाल लाटांसारखा वरखाली दिसतो. पडून राहिली की खालचे दिसतच नाहीत.

तिरपा_उजेड

तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धं निदान आहे.

अंधाऱ्या खोलीत तिला खुर्चीवर बसवा आणि मोबाइलचा टॉर्च कानाजवळून, गालाला जवळजवळ समांतर धरा. समोरून धरला तर काहीच दिसणार नाही. तिरप्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. मग दोन बोटांनी गाल हलका ताणा. ताणल्यावर सावली गेली, तर तो लाटेसारखा खड्डा: खाली तंतूंनी कातडी आत ओढून धरलीय. ताणूनही भोक तसंच राहिलं आणि तोंड दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल, तर ते खोल जाणारं टोचा-भोक. ताणून तसाच राहणारा पण रुंद, उभ्या कडांचा, तळ सपाट, तो पेटीसारखा. आणि जिथे सावलीच नाही, फक्त रंग आहे, तो खड्डा नव्हे, डाग. काचेच्या पारदर्शक पट्टीने दाबा: लाल रंग दाबल्यावर जातो, तपकिरी जात नाही. डागांवर लेसर-खड्ड्यांचे पैसे घालवणारे खूप.

पॅकेजमधली खोट इथे आहे. सहा बैठका एकाच यंत्राच्या, आणि तिच्या गालावर निदान दोन प्रकारचे खड्डे. फ्रॅक्शनल लेसर (सगळी कातडी न जाळता बारीक ठिपक्यांत मारलेला) वरवरच्या पेटीसारख्या खड्ड्यांना बरा. टोचा-भोकाच्या तळाशी तो पोचत नाही, आणि लाटेच्या खड्ड्यातला तंतू तो तोडत नाही.

टोचा-भोकांना टीसीए क्रॉस. ट्रायक्लोरोअसेटिक आम्ल, जास्त तीव्रतेचं. मूळ पद्धत ६५ ते १०० टक्के, आपल्या रंगाच्या कातडीवर बरेच डॉक्टर ५० ते ७० वर राहतात. टोकदार केलेल्या लाकडी टूथपिकने भोकाच्या तळाला काही सेकंद टेकवतात. तिथे पांढरा बर्फासारखा ठिपका उमटतो. दुसऱ्या दिवसापासून खपली, ती पाच-सात दिवसांत आपली आपण गळते. नखाने काढली की भोक रुंद होतं. आम्ल कडेवर ओघळलं तरी तेच, वर पांढरा डाग. महिन्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा. ऑनलाइन बाटली मागवून घरी हे करणाऱ्यांचे फोटो इंटरनेटवर आहेत. जेवायच्या आधी बघू नका.

लाटेच्या खड्ड्यांना सबसिजन. चेहरा बधिर करून कातडीखाली सुई किंवा बोथट कॅन्युला घालून पंख्यासारखी पुढे-मागे फिरवतात. तंतू तुटताना आतून कुरकुर आवाज येतो, रुग्णालाही ऐकू येतो, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. महत्त्वाची गोष्ट: खड्ड्यांच्या खुणा रुग्ण बसलेला असताना, तिरप्या उजेडात करायच्या. झोपवून केल्या तर तुम्ही म्हणालात तसं निम्मे खड्डे दिसतच नाहीत आणि सुई भलतीकडे फिरते. आपण न सांगता हे करणारा डॉक्टर काम जाणतो. आठवडा-दहा दिवस निळंजांभळं राहतं, काही ठिकाणी कडक गाठ काही आठवडे लागते. जबड्याच्या कडेला चेहऱ्याची हालचाल करणारी नस (मज्जातंतू) कातडीच्या जवळून जाते, म्हणून हे ब्यूटी पार्लरचं काम नव्हे.

मायक्रोनीडलिंग: दीड ते अडीच मिलिमीटरच्या सुया, चार ते सहा आठवड्यांनी एकदा, चार-पाच वेळा. घरी मिळणारा पाव-अर्ध्या मिलिमीटरचा रोलर खड्ड्याच्या थरापर्यंत पोचतच नाही, आणि पिकलेल्या मुरुमावरून फिरवला तर पू सगळ्या गालभर. सुया मारण्याआधी किंवा लगेच नंतर व्हिटॅमिन सी सीरम लावायचं नाही. ते भोकांतून आत जाऊन गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुयांचा फायदा असा की उष्णता खाली सोडली जाते, वरचा थर वाचतो, म्हणून सावळ्या कातडीवर काळं पडायचा धोका कमी.

ते काळं पडणं हाच आपल्याकडचा खरा प्रश्न. कार्बन डायऑक्साइड लेसरनंतर पाच-सात दिवस खरखरीत खपल्या. सगळं छान दिसतं, आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात गालावर जाळीदार तपकिरी छाया उगवते. ती उतरायला काही महिने. म्हणून शेवटची लेसर बैठक लग्नाच्या तीन महिने आधी, आणि तीही कमी घनतेवर. ऊन लागून रापलेल्या चेहऱ्यावर लेसर नाही, म्हणजे मार्च ते मे महाराष्ट्रात तसाही काळ नाही. थंडीचे महिने घ्या. ओठावर नागीण उठत असेल तर आधी सांगा, विषाणूची गोळी आधी सुरू करावी लागते.

खड्डे खरंच भरतात का? उथळ होतात. सपाट होत नाहीत. जो सपाट करून देतो म्हणतो त्याच्याकडून तिरप्या उजेडात काढलेले आधीचे-नंतरचे फोटो मागा. समोरून फ्लॅश मारून कुठलाही गाल सपाट दिसतो. कामानंतर कातडी तीन ते सहा महिने आतून बदलत राहते, त्यामुळे मेमध्ये जे दिसेल ते शेवटचं नसेल.

मेपर्यंत बसणारं: दोन-तीन महिने नवा गाठीदार मुरुम आला नाही असं झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत एक सबसिजन, त्याच बैठकीत वरच्या भोकांना क्रॉस. महिन्याने पुन्हा क्रॉस आणि मायक्रोनीडलिंग. फेब्रुवारीअखेर आणखी एकदा. मग हात बांधून बसायचं.

पाणचक्की

दोन गोष्टी जोडतो, एक वादाची.

शेड्यूल_एच यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो गंभीर मुरुमांच्या पूर्ण डोसचा. आपल्याकडे मध्यम मुरुमांना रोज १० ते २० मिग्रॅ देऊन, एकूण बेरीज न गाठता, मुरुम थांबल्यावर काही महिने चालू ठेवून बंद करण्याची पद्धत रूढ आहे. ओठ-डोळ्यांचा त्रास बराच कमी होतो. किंमत अशी की मुरुम परत येण्याची शक्यता वाढते. तेव्हा 'कोर्स बसत नाही म्हणून नकोच' एवढं सरळ नाही. गर्भाबद्दलची अट मात्र १० मिग्रॅलाही जशीच्या तशी.

दुसरं, गोळ्या संपल्यावर सहा महिने कुठलंच काम करायचं नाही, असं अजून बरेच क्लिनिक सांगतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून, वरवरचे पील (आम्लाने वरचा थर सोलणं) आणि फ्रॅक्शनल लेसर इतके लांबवायला आधार नाही असं मांडलं. यंत्राने कातडी घासून काढणं आणि पूर्ण थर जाळणारे लेसर मात्र तेव्हाही वर्ज्यच ठेवले. तुमचे डॉक्टर थांबा म्हणाले तर भांडू नका, पण कारण विचारा.

आहाराचं. 'अंगात उष्णता आहे', 'पोट साफ नाही' म्हणून रक्तशुद्धीचं सिरप पाजू नका. साखर, मैदा, गोड चहा आणि बिस्किटं यांनी मुरुम वाढतात याला आधार आहे. दुधाबद्दल थोडा कमी. व्हे प्रोटीन घेत असेल तर महिनाभर बंद करून बघायला खर्च नाही. शेंगदाणे आणि आंबा बिचारे उगाच बदनाम आहेत. केसांना तेल लावून रात्रभर झोपत असेल तर कपाळावरचे दाणे तिथून येतात. तेल धुण्याआधी तासभर पुरे.

निंबोणी

शेवटचा प्रश्न. हळदीचं काय? घरात तीन दिवस हळद, उटणं, आणि आदल्या आठवड्यात पार्लरचं फेशियल ठरलेलं आहे. आणि त्याच आठवड्यात गाठ आली तर?

उंबरठा

फेशियल रद्द. वाफ देऊन मुरुम दाबायचे, वर ब्लीच. त्याचे परिणाम नेमके चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतात.

अ‍ॅडापॅलीन हळदीच्या सात दिवस आधी थांबवा. मुरुम लगेच उसळत नाहीत, पण पातळ झालेला वरचा थर तेवढ्यात सावरतो. हळद लावण्याआधी चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा जाड हात. हळदीत लिंबू नको, आणि उटणं गळ्याखाली. खरा घोटाळा हळद लावण्यात नसून काढण्यात आहे: चेहऱ्यावर वाळू देतात आणि मग सुक्या तळव्याने चोळून तिच्या वळ्या पाडतात. त्याऐवजी ओलसर असतानाच कोमट पाण्याने ओघळू द्यायची. करवल्यांना आधी सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी ऐकत नाही.

गाठ आली तर फोडायची नाही, बर्फ कापडात गुंडाळून पाच-पाच मिनिटं. त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात पातळ केलेलं ट्रायमसिनोलोन टोचतात, दोन-तीन दिवसांत ती बसते. पण चेहऱ्यावर प्रमाण मिलिलिटरला साधारण २.५ मिग्रॅ, आणि गाठीत जेमतेम थेंबभर. बाटलीत ते १० किंवा ४० चं येतं. पातळ न करता टोचलं तर गाठीच्या जागी खळगा पडतो आणि महिनोन्‌महिने राहतो. तेव्हा हे इंजेक्शन ओळखीच्या जनरल प्रॅक्टिशनरकडून घाईत नको. तिच्या डॉक्टरांची वेळ लग्नाच्या चार दिवस आधीची, आत्ताच धरून ठेवा. गाठ आली नाही तर फोन करून रद्द करता येते.